सॅव्हानातली झाडपाल्याची विद्या: औषध मुळीत असतं की खणणाऱ्याच्या हातात?

कुसळ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज टंकून टाकतो. सॅव्हाना म्हटलं की आपल्यासमोर भूगोलाच्या पुस्तकातलं ते एकच चित्र येतं, पिवळं गवत, मधेच छत्रीसारखं एक झाड आणि झाडाखाली सिंह. आणि औषधी वनस्पती म्हटल्या की लगेच घनदाट जंगल, ॲमेझॉन, धबधबा वगैरे. या दोन गोष्टी एकत्र कुणाच्या डोक्यातच येत नाहीत. माझ्याही नव्हत्या. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, या विषयातलं शिक्षण शून्य, पण दोनतीन महिने हाताला लागेल ते वाचत सुटलोय आणि आता कुणाशीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

तर, पृथ्वीवरच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा सॅव्हाना आहे. तिथे सहासहा महिने पाऊस नाही, अधूनमधून वणवा, आणि वर वाढलं की खायला हजार तोंडं टपलेली. मग झाड करतं काय, तर आपली सगळी पुंजी जमिनीखाली नेऊन ठेवतं. जाड मुळं, कंद, गाठी. काही झाडं तर अशी आहेत की वर दिसतं गुडघाभर झुडूप आणि खाली पसारा अख्ख्या झाडाचा. आग आली, वरचं जळलं, पाऊस पडला की पुन्हा फुटलं. जे वर उरतं त्याची साल जाड आणि रसायनांनी ठासून भरलेली, कारण पळून जाता येत नाही तर निदान कडू तरी व्हावं. त्यामुळे सॅव्हानातलं औषध मुख्यतः मुळीत आणि सालीत. पानफुलांचं औषध नाही असं नाही, पण भर मुळीवर.

आता गंमत बघा, पूर्व आफ्रिकेतल्या मासाई या गुराखी लोकांच्या मा भाषेत 'ओलचानी' म्हणजे झाड, आणि 'ओलचानी' म्हणजेच औषध. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत 'उमुथी'चं पण तेच. झाड आणि औषध, दोन्हींना एकच शब्द. मराठीत आपण 'झाडपाल्याचं औषध' म्हणतो तेव्हा आपण पाल्यावर थांबतो, ही माणसं मुळापर्यंत गेलीयेत (कोटी अनवधानाने झाली, राहू द्या).

पण मला खटकतंय ते असं. जे काही छापून आलेलं मिळतं ते सगळं तक्त्यात. वनस्पतीचं नाव, कोणता भाग, कोणत्या आजारावर. शंभर ओळींचा तक्ता, पुढच्या शोधनिबंधात दीडशे ओळींचा. हे म्हणजे गाण्याऐवजी रागाच्या नावांची यादी वाचल्यासारखं वाटतं. तर ज्यांनी जवळून काही पाहिलंय किंवा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहा. मी बाजूला बसून ऐकतो.

आगाऊ कार्टं

पहिला मी. सिंहाच्या चित्राबद्दल धागाकर्त्याचा निषेध, आमच्या पुस्तकात जिराफ होता.

निवडुंग

नेहमीप्रमाणे विरोधी बाकावर मी बसतो. मला या विषयातली भाबडी भक्ती झेपत नाही. 'पारंपरिक ज्ञान' म्हटलं की सगळे हात जोडून उभे. अहो, हजार वर्षं वापरतात म्हणजे काम करतं असं असेल तर हजार वर्षं लोक जखमेवर शेणही लावत होते. ज्याच्या चाचण्या झाल्या ते औषध, ज्याच्या नाही झाल्या तो झाडपाला. हूडियाचं उदाहरण घ्या. कलहारीतला निवडुंगासारखा दिसणारा प्राणी (माझा नातेवाईक नाही, हूडिया रुईच्या कुळातला), सान लोक (तिथले मूळचे शिकारी रहिवासी) शिकारीला जाताना त्याचे तुकडे खातात, भूक-तहान मरते म्हणे. झालं, सगळं जग वजन कमी करायला धावलं. शेवटी २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले की पंधरा दिवस अर्क दिलेल्या बायकांचं खाणं काही कमी झालं नाही, उलट मळमळ, रक्तदाब वाढणं असले प्रकार झाले. विषय संपला की नाही?

उंटावरची शहाणी

निवडुंगराव, विषय संपला नाही, तुम्ही तो मधूनच सुरू केलात. हूडियाची गोष्ट पहिल्यापासून सांगते, कारण मधली पानं फाडली तर सान लोक उगाच खोटारडे ठरतात.

दक्षिण आफ्रिकेची सीएसआयआर, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषद, साठच्या दशकापासून रानातल्या खाण्याच्या वनस्पती तपासत होती. सान लोक हूडिया वापरतात हे आधीच नोंदलेलं होतं, तिथूनच ते यादीत आलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांनी त्यातल्या भूक मारणाऱ्या घटकांचं पेटंट घेतलं. १९९७ ला ते फायटोफार्म नावाच्या ब्रिटिश कंपनीला वापरायला दिलं, १९९८ ला तिने पुढे फायझरला. इतक्या सगळ्या सह्या झाल्या आणि ज्यांच्याकडून कळलं त्यांना पत्ताच नाही. २००१ ला पेपरात बातमी आली तेव्हा सान लोकांना समजलं. त्या बातमीतला सगळ्यात भारी भाग म्हणजे फायटोफार्मच्या प्रमुखाचं म्हणणं असं की ती जमात नामशेष झाल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं. तेव्हा सान लोक होते एक लाखाच्या आसपास. जिवंत माणसांना कागदावर मारून टाकलं की वाटणीचा प्रश्नच मिटतो, नाही का.

मग वकील लावून, भांडून, मार्च २००३ ला करार झाला. सीएसआयआरला टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या पैशातले ८ टक्के आणि रॉयल्टीतले ६ टक्के सानांना. लक्षात घ्या, औषधाच्या विक्रीतले नाही, सीएसआयआरच्या वाट्यातले. म्हणजे चतकोराच्या कोपऱ्यातला तुकडा. आणि त्याच वर्षी फायझर बाहेर पडली, नंतर २००४ ला युनिलिव्हर आली ती २००८ ला गेली. तुम्ही सांगताय ती चाचणी त्यातली.

आता मुद्दा. सान लोकांनी कधी म्हटलं होतं का की याचा अर्क काढून कॅप्सूल करा आणि भरल्या पोटी, ऑफिसात बसून, वजन उतरवायला घ्या? ते म्हणत होते, दिवसभर उन्हात चालत शिकारीच्या मागावर असताना ओला तुकडा चघळला तर तग धरता येतो. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. चाचणीने कंपनीची कल्पना खोटी पाडली, सानांचं म्हणणं तपासलंच नाही कुणी.

जाता जाता एक योगायोग. आपल्याकडेही सीएसआयआरच. अमेरिकेत १९९५ ला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं ते आपल्या सीएसआयआरने भांडून १९९७ ला रद्द करवलं. नावाचा अर्थही जवळपास शब्दशः तोच. म्हणजे एकाच दशकात एक सीएसआयआर लोकांचं ज्ञान पेटंटमधून सोडवत होती आणि दुसरी अडकवत होती.

निवडुंग

हम्म. चाचणी कोणत्या प्रश्नाची होती हा मुद्दा मान्य. बाकीचं अजून पटलेलं नाही, पण लिहीत रहा, वाचतोय.

गोळीमास्तर

औषधशास्त्र शिकवून पोट भरतो त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खायची सवय आहे. निवडुंग यांच्या 'प्रयोगशाळेने सांगितलं की खरं' या मुद्द्यावर एक किस्सा, मी दर वर्षी वर्गात सांगतो.

कॅमेरूनच्या उत्तर भागात, सॅव्हानातच, नॉक्लिया लॅटिफोलिया नावाचं झाड आहे. सालीचा काढा दुखण्यावर, तापावर, मलेरियावर देतात. २०१३ मध्ये संशोधकांनी मुळाच्या सालीतून वेदनाशामक घटक वेगळा काढला आणि तो निघाला चक्क ट्रॅमाडॉल! म्हणजे १९७७ पासून बाजारात असलेली, कारखान्यात बनणारी वेदनाशामक गोळी, तीच रेणूरचना झाडात. मोठी बातमी. परंपरेचे भक्त खूश, बघा आमच्या झाडाने माणसाच्या आधी बनवलं. प्रयोगशाळावाले पण खूश, बघा आम्ही सिद्ध केलं.

दुसऱ्याच वर्षी जर्मनीतल्या एका गटाने तिथे जाऊन पुन्हा नमुने घेतले. उत्तरेच्या झाडांत ट्रॅमाडॉल सापडलं, दक्षिणेच्या झाडांत नाही. उत्तरेत ते शेजारच्या दुसऱ्या झाडांच्या मुळांतही सापडलं, मातीत सापडलं, पाण्यात सापडलं. आणि त्यासोबत असे घटक सापडले जे ट्रॅमाडॉल प्राण्याच्या शरीरातून गेल्यावरच तयार होतात. मग शेतकऱ्यांना विचारलं. तर ते म्हणाले हो, स्वस्त ट्रॅमाडॉल मिळतं, उन्हात राबायचं म्हणून आम्ही भरमसाट घेतो आणि बैलांनाही देतो. बैल झाडाखाली सावलीला उभे राहतात, तिथेच मुततात. मुळं ते शोषून घेतात. झालं तुमचं नैसर्गिक ट्रॅमाडॉल. पहिल्या गटाने हे सहजी मान्य केलं नाही, पुढे कार्बन-१४ ची (कार्बन जिवंत झाडाचा की जुन्या खनिजाचा ते सांगणारी) तपासणी झाली आणि तो कार्बन पेट्रोलियमचा, म्हणजे कारखान्यातलाच, असं दिसलं.

यातून झाड निरुपयोगी ठरत नाही हां. ट्रॅमाडॉल बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून लोक ती साल वापरतायत, म्हणजे त्यात दुसरं काहीतरी असणार किंवा नसणार, ते अजून वेगळं शोधावं लागेल. पण 'रासायनिक विश्लेषण केलं म्हणजे कळलं' हा माज उतरवायला हे उदाहरण एक नंबर. बैलाला कुणी विचारलंच नव्हतं.

आगाऊ कार्टं

बैलाला विचारलं नाही 😂😂 मास्तर दंडवत घ्या

गोठेवाला

जनावरांचा विषय निघालाय म्हणून लिहितो, मी व्हेटर्नरीतला. पशुपालक समाजांकडे माणसाचं औषध आणि ढोरांचं औषध अशी भिंत नसते. पूर्व आफ्रिकेत मासाई, सांबुरू वगैरे लोक अल्बिझिया अँथेलमिंटिका या झाडाची साल जंतावर वापरतात, शेळ्यामेंढ्यांना पण आणि स्वतः पण. लॅटिन नावातच 'जंतनाशक' आलंय, म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही ते लोकांकडूनच कळलं असणार. मुकुटान का कायतरी म्हणतात तिकडे.

आणि मासाईंच्या बाबतीत औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायची वस्तू असंही नाही. मांस उकळलेल्या रश्श्यात झाडांची मुळं-साली घालतात, दुधातही. बाभळीची एक साल फार चालते, ओलकिलोरिती म्हणतात, व्हॅशेलिया निलोटिका, आपली वेडी बाभूळ नव्हे, साधी. परंपरेने जवळजवळ दूध-मांस-रक्तावर जगत आलेल्या माणसांच्या पोटात रोजच्या रोज कडूतुरट वनस्पती कशी जाते तर अशी. आता याला तक्त्यात कुठे बसवणार, 'आजार' या रकान्यात काय लिहिणार? जेवण?

कुसळ

गोठेवाला, अगदी हेच! मला हेच म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं.

खडकफोड्या

धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी बोअरवेलच्या कामावर पूर्व नामिबियात दोन सीझन होतो, बोट्सवानाच्या हद्दीकडे, गोबाबीसच्या पलीकडे. सगळी कलहारीची लाल वाळू. तिथे डेव्हिल्स क्लॉ काढताना पाहिलंय, शब्दशः सैतानाची नखी. सांधेदुखीवर युरोपात प्रचंड खपतं, आणि जगाला पुरवठा करणाऱ्यांत नामिबिया पहिला.

माझी ओळख झाली ती बुटाच्या तळव्यातून. त्याचं फळ सुकलं की चारी बाजूंनी आकडे बाहेर आलेले असतात, प्राण्याच्या पायाला अडकून बी लांब पोचवायची सोय. माझ्या बुटात असं रुतलं की पक्कड लागली. ड्रायव्हर हसून म्हणाला, याच्याच मुळाचं औषध, बघायचंय का. त्याच्या ओळखीची एक सान आजी होती, तिच्यामागे एक रविवार गेलो. भाषा मला शून्य, ड्रायव्हर मधे सांगायचा, तेही अर्धंमुर्धं.

आजी चालत चालत मधेच थांबायची. मला तिथे काहीच दिसायचं नाही, वाळू आणि गवत. वाकून बघितलं तर जमिनीला चिकटून पसरलेल्या वाळत आलेल्या फांद्या. थंडी सुरू झाली की वरचा भाग वाळून जातो, पावसाळ्यात पुन्हा फुटतो आणि जांभळट फुलं येतात. म्हणजे काढणीच्या दिवसांत झाड दिसेनासं व्हायला लागलेलं असतं, आणि तेव्हाच ते ओळखायचं.

मी फावडं घेऊन मधोमध, जिथून फांद्या निघतात तिथे घालणार तेवढ्यात तिने जीभ टाळूला लावून असा आवाज काढला की मी गार. मधे खणायचं नाही. मधे आईमूळ असतं, ते सरळ खाली जातं. त्याच्यापासून आडवी मुळं निघतात आणि हातभर, दोन हातभर अंतरावर त्यांना कंद लागतात, रताळ्यासारखे. औषध त्या कंदात. ती बाजूने, झाडापासून हातभर लांब खणायला बसली. लोखंडी पहार, आणि शेवटी शेवटी तर नुसत्या हाताने वाळू उपसत होती. मांडीइतक्या खोल गेल्यावर एक कंद लागला. तो तोडला, दुसरा बारका होता तो तसाच ठेवला. मग खड्डा भरला. आणि नुसता लोटला नाही, पायाने दाबत दाबत भरला. त्यालाच तिचा जास्त वेळ गेला, खणण्यापेक्षा.

मग मला म्हणाली तू कर. मी शहाणा, बाजूनेच खणलं पण तिरकं गेलो आणि कडाक्. आईमूळ तुटलं. आजी काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तो तुटका भाग होता तसा जोडून ठेवला, वाळू टाकली, दाबली आणि पुढे चालायला लागली. मला कुणीतरी चारचौघात मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर कंदाच्या पातळ चकत्या करून जाळीवर वाळत घातल्या. ओल्या कंदात नव्वद टक्के पाणीच, त्यामुळे पोतंभर खणलं की वाळून हातात उरतं पिशवीभर. एक चकती चाखली. कडूजहर, दुपारच्या जेवणाला पण तोंडात तीच चव.

आता यातलं वाईट. जो दलाल माल न्यायला यायचा त्याला चकती बाजूच्या कंदाची की आईमुळाची याच्याशी देणंघेणं नव्हतं, वजन भरलं की झालं. नियम आहेत, परमिट लागतं, ठरलेल्या महिन्यांतच काढायचं, आईमूळ तोडायचं नाही. पण वाळल्यावर कोण ओळखतोय. सीझनच्या शेवटी आमच्या रिगच्या रस्त्यालगत ओळीने उघडे खड्डे दिसायला लागले, न भरलेले. कुणीतरी बाहेरून येऊन मधोमध खणून गेलं होतं. तक्त्यात दोघांची नोंद सारखीच होणार बघा: वनस्पती हार्पॅगोफायटम, भाग कंद, उपयोग सांधेदुखी.

मूकवाचक

फक्त हा प्रतिसाद लिहायला लॉगिन केलं. वाचनखूण साठवली.

गोळीमास्तर

खडकफोड्या, क्या बात. दोन गोष्टी जोडतो. एक म्हणजे यात हार्पॅगोसाइड नावाचा घटक आहे आणि कंबरदुखीवर काही चाचण्यांत तो बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलाय, दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम हार्पॅगोसाइड जाईल इतक्या मात्रेत. तेव्हा निवडुंगसाहेब, हे तुमच्या निकषावर थोडंफार उतरतं. दुसरं, कुणी ऑनलाइन मागवायला धावू नका, पोटात अल्सर असेल, पित्ताशयात खडे असतील, गरोदरपण असेल तर नको, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नको.

मात्रेवरून आठवलं. झांबेझीच्या खोऱ्यात स्ट्रोफँथस वेलीच्या बियांचं विष बाणाला लावतात. लिव्हिंगस्टन या ब्रिटिश शोधप्रवाशाच्या मोहिमेत जॉन कर्क म्हणून डॉक्टर होते, त्यांचा टूथब्रश त्या विषाच्या नमुन्यासोबत ठेवला गेला, दात घासताना कडू लागलं आणि नाडीवर परिणाम जाणवला. त्या नमुन्यांवरून पुढे एडिनबरात थॉमस फ्रेझरनी काम केलं आणि स्ट्रोफँथिन हे हृदयाचं औषध झालं. सगळे कर्कच्या टूथब्रशची गोष्ट सांगतात. मला जास्त भारी वाटतं ते शिकाऱ्यांचं. बाण लागलेल्या जागेभोवतीचं मांस कापून टाकायचं आणि बाकीचं बिनधास्त खायचं. रक्तात गेलं तर प्राणी पडतो, पोटातून मात्र फार थोडं शोषलं जातं. हा फरक ज्यांना माहीत होता त्यांना औषधशास्त्र येत नव्हतं असं कोण म्हणेल? फक्त ते पुस्तकात नव्हतं.

निवडुंग

बरं, काटे थोडे आत घेतो. पण मग लिहून ठेवा ना सगळं. आजी गेली की सगळं गेलं, याला काय अर्थ आहे? ज्ञान उघड्यावर असेल तरच टिकेल.

उंटावरची शहाणी

उघड्यावर ठेवलं की काय होतं ते हूडियात पाहिलंच की. पण लिहिण्याचा एक बरा नमुना ब्राझीलमध्ये आहे. सेराडो नावाचा सॅव्हाना, साधारण वीस लाख चौरस किलोमीटर, बारा हजारांवर जातींच्या वनस्पती, आणि निम्म्याच्या आसपास आता सोयाबीन आणि गुरांच्या कुरणाखाली गेलेला. तिथल्या जाणकार बायकांना 'राइझेरा' म्हणतात, राइझ म्हणजे मूळ, आपल्या शब्दांत मुळीवाल्या. (उच्चार खरा 'हायझेरा'च्या जवळ जातो, पण मग कुणाला कळणार नाही.) त्या मुळ्या, साली वाइनमध्ये किंवा उसाच्या दारूत बाटलीत मुरवून देतात, त्याला गाराफाडा म्हणतात.

या मुळीवाल्यांचं पकारी नावाचं एक जाळं आहे. पकारी हेच एका झाडाचं नाव, साल पोटातल्या जखमांवर देतात. त्यांनी २००९ ला स्वतःचा औषधकोश छापला. विद्यापीठाने येऊन मुलाखती घेऊन नाही, त्यांनी स्वतः बसून, आपसांत वाद घालून. आणि त्यात झाड कुठे येतं, कशाच्या सोबतीने येतं, कधी आणि कसं घ्यायचं, किती सोडायचं हे सगळं आलं. उदाहरणार्थ बार्बातिमाओ. त्याच्या सालीत टॅनिन इतकं की चामडं कमवायला वापरायचे, तेच जखमेवर लावलं की प्रथिनं आवळून वर खपली धरते, तिथे त्याचं मलमसुद्धा रीतसर औषध म्हणून मिळतं. पण साल खोडाला गोल फिरवून काढली की झाड वर्षात मेलं. उभी पट्टी काढायची, अरुंद, आणि पुन्हा त्या झाडाकडे लगेच जायचं नाही. खडकफोड्यांच्या आजीचा नियम आणि हा नियम मावसबहिणी आहेत.

२०१५ ला ब्राझीलने कायदाही केला, पारंपरिक ज्ञान वापरायचं तर संमती आणि वाटा. कागदावर चांगला आहे. मुळीवाल्यांची तक्रार अशी की आम्हाला कुंपणाच्या आत जाऊनच देत नाहीत, जमीन सोयाबीनवाल्याची झाली, तर वाटा कशाचा घेऊ.

गोठेवाला

दक्षिण आफ्रिकेत अजून एक चांगली गोष्ट चाललीय. पेपरबार्क (पेपर म्हणजे कागद नव्हे, मिरी) म्हणजे वॉरबर्गिया सालुटारिस, खोकल्या-सर्दीवर साल इतकी ओरबाडली की झाड दुर्मिळ झालं. तर क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या नर्सरीतून रोपं वैदूंनाच वाटतात, घरी लावा, आणि सालीऐवजी पानं वापरा, पानांतही ते गुण आहेत असं तपासून सांगतात. वैदू ऐकतातही. परंपरा म्हणजे दगड नव्हे हो. जंगली आलं मात्र गेलं, सिफोनोचिलस, क्वाझुलू-नातालमध्ये रानात उरलेलंच नाही, आता जे आहे ते लावलेलं.

मूकवाचक

निवडुंग यांच्या 'लिहून ठेवा'वर एक भर. २०२१ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या दोघांनी उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनीच्या २३६ भाषांमधले साडेबारा हजारांच्या आसपास औषधी उपयोग तपासले. पंच्याहत्तर टक्क्यांहून जास्त उपयोग फक्त एकेका भाषेतच माहीत होते. सॅव्हानाचा अभ्यास नव्हे, पण सानांच्या काही भाषा मोजक्या माणसांच्या तोंडी उरल्यात हे धरलं तर हिशोब कळतो. झाड शिल्लक राहील, शब्द जाईल, आणि मग ते नुसतंच गवत.

बाकी खडकफोड्या, एक विचारायचं होतं. तुमच्या हातून तुटलेल्या त्या मुळाचं पुढे काय झालं? दुसऱ्या सीझनला गेला होतात ना?

कुसळ

+१, मलाही हेच विचारायचं होतं.

खडकफोड्या

गेलो होतो. फेब्रुवारीत, चांगला पाऊस होऊन गेलेला. रिगवरून सुट्टी काढून मुद्दाम गेलो, आजी होतीच, तिने ओळखलं आणि ड्रायव्हरला कायतरी म्हणाली त्यावर तो खूप हसला पण मला सांगेना. जागा मला सापडली नसती, तिलाच विचारलं. तिने जिथे खणलं होतं त्या झाडाला चारी बाजूंनी फांद्या फुटून जमिनीवर पसरल्या होत्या, फुलं होती, एकदोन ओली फळं पण धरलेली, आकडे अजून मऊ. माझी जागा तिथून दहाबारा पावलांवर. तिथे काही नव्हतं. मी वाळू थोडी उकरायला लागलो तर तिने पुन्हा तोच आवाज काढला जिभेचा, म्हणून उठलो.